देवलाचा उपास

पारुबाईचा आवाज मोठा, हे पेमा नाईकाच्या तांड्यावर कुणाला सांगायची गरज नव्हती. ती टेकडावरून नवऱ्याला हाक मारायची आणि खाली गावातली भलतीच माणसं "आलो, आलो" म्हणत उठायची, अशी तिची थट्टा व्हायची. राग तर नाकावरच बसलेला. पण पोटात काही ठेवायची नाही. सकाळी जिच्याशी कडाकडा भांडली तिच्याच घरी दुपारी ताक मागायला जायची. अशा बाईला घटस्थापनेच्या दिवशी तिच्या पोरानं एक गोष्ट सांगितली आणि तिची बोलतीच बंद झाली.

"याडी, मी उपास धरलाय," देवला म्हणाला. "देवीचा. दसऱ्यापस्तोर."

याडी म्हणजे आई. तांड्यावरची माणसं घरात गोरमाटी बोलत, गावात मराठी आणि हिंगोलीच्या बाजारात मोडकीतोडकी हिंदी. पण आईला हाक मारायची तर ती याडी. पारुबाईनं हातातली भाकरी तशीच तव्यावर टाकली आणि पोराच्या तोंडाकडं बघत राहिली. अकरा-बारा वर्षांचं पोरगं, शेंबूड पुसायचं भान नाही, आणि देवीचा उपास! तेही कुणी न सांगता! तिनं त्याच्या कानशिलांवरून बोटं मोडली आणि विहिरीवर जाऊन दिसेल त्या बाईला ही बातमी सांगितली.

"भूक लागली का सुटंल आपोआप," असं तिचा नवरा वसराम म्हणाला. त्यावर तिनं त्याला जे ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

पण खरं सांगायचं तर तिच्या मनात तेव्हाच काहीतरी टोचलं होतं. दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. दुष्काळात ती सडकेच्या कामावर खडी फोडायला जायची आणि देवला कडेला बसून असायचा. तिथं पोरांना वाटायची ती सुकडी खाऊन झाली की तो ताटली चाटायचा, पण "आणखी दे" असं कधी म्हणाला नाही. नसतं ते मागू नये, एवढं त्या वयात त्याला कळलं होतं. पारुबाईला त्याच गोष्टीचं सगळ्यात जास्त वाईट वाटायचं. तेव्हापासून कुणाचंही लेकरू उपाशी दिसलं की ही बाई चवताळून उठायची. आता देवीपुढं काय बोलणार?

उपासाला म्हणून तिनं भगर शिजवली. देवलानं दोन घास खाल्ले, "पोट भरलं" म्हणाला. शेंगदाणे भाजून दिले, ते खिशात घालून गेला आणि दुसऱ्या दिवशी ते तसेच्या तसे शेळीपुढं पडलेले तिला दिसले. तिसऱ्या माळेला तर त्यानं पाण्याचा तांब्यासुद्धा अर्धाच पिऊन खाली ठेवला.

"पाण्याचा काहून उपास?" तिनं विचारलं.

"कडक हाय," एवढंच तो म्हणाला आणि मैदानाकडं पळाला.

मैदान म्हणजे गावाखालची सोसायटीच्या गोदामामागची मुरमाड जागा. तिथं शेषरावचं एकी क्रीडा मंडळ होतं. शेषराव हा बौद्धवाड्यातल्या केशरबाईचा मुलगा. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी म्हणून कामाला. कोणत्या शेताला कधी पाणी सोडायचं ते तो बघायचा आणि काम संपलं की पोरं गोळा करून कबड्डी शिकवायचा. गावातली पोरं, वाड्यातली पोरं, तांड्यावरची पोरं, सगळी एका रेघेत उभी. आधी लोकांनी नाकं मुरडली. कोण कुणाचा पाय धरणार, कोण कुणाच्या अंगावर पडणार, याच्यावर पारावर दिवसभर चर्चा चालायची. तांड्यावरून पहिलं पोरगं पाठवलं ते पारुबाईनं. देवलाला हाताला धरून ती मैदानावर गेली होती आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "शेषराव, हे लेकरू तुझ्या हवाली करून राहिले. हात मोडला तर चालंल, पन सांभाळून घे." तिच्यामागून तांड्यावरच्या बाकीच्या बायांनीही पोरं पाठवली.

आणि पोरगं खेळायचं कसं! चढाईला गेलं की ओल्या साबणासारखं हातातून निसटायचं. आता दसऱ्याला हिंगोलीत मोठे सामने होते आणि मंडळ पहिल्यांदाच बाहेर खेळायला जाणार होतं. सामने वजनावर. पस्तीस किलोच्या आतल्या पोरांचा एक गट, त्याच्यावरच्यांचा दुसरा. देवला पस्तिसाच्या थोडा वर भरला होता, आणि देवला नसेल तर लहान गटात मंडळाचा निभाव लागणं कठीण होतं.

तर आता तुमच्या ध्यानात आलं असेल, उपास कुठल्या देवीचा होता ते. पारुबाईच्या मात्र ध्यानात आलं नव्हतं. तिला वाटलं, पोराला नजर लागली. आपणच विहिरीवर जाऊन बोंब मारली, आपल्याच तोंडानं त्याचं वाटोळं केलं. तिनं मिरच्या-मीठ उतरून चुलीत टाकलं. ठसका आला नाही, तशी तिची खात्रीच पटली. नजरेवर उपाय झाला, आता अंगात ताकद यायला पाहिजे. आणि पोरगं तर खात नाही.

मग तिनं एक युक्ती केली. पहाटे देवला अर्धवट झोपेत असायचा, तेव्हा ती त्याला मांडीवर घेऊन, म्हशीचं दूध गूळ घालून तोंडाला लावायची. झोपेतलं लेकरू ते गटागटा प्यायचं. "देवीला काय कळतंय? आन् कळलं तर मला पाप लागू दे, तुला न्हाई," असं ती त्याच्या कानात म्हणायची. भगरीत तुपाची धार सोडायची आणि वरून दिसू नये म्हणून कालवून टाकायची. एकदा तर देवलाच्या ध्यानात आलं. त्यानं वाटी बाजूला केली आणि एकदम रडायला लागला.

"काहून असं करतीस याडी? माझं वर जाऊन राहिलंय समदं."

"काय वर जाऊन राहिलंय?"

त्यानं गुडघ्यात तोंड खुपसलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं, उपास मोडल्याचं त्याला वाईट वाटलं. आपल्या पोटी असलं भाविक लेकरू कसं आलं, याचंच तिला नवल वाटत होतं.

त्या दिवसापासून पोरगं आणखीच पळायला लागलं. पाचव्या माळेला ती गावातल्या माणिकरावाच्या रानात कापूस वेचायला निघाली होती. ऑक्टोबरचं ऊन ते, अंगातलं पाणी शोषून घेणारं. कालव्याच्या भरावावरून कोणीतरी घोंगडी पांघरून पळत येत होतं. धनगराचं पोरगं मेंढरामागं पळत असेल, असं तिला वाटलं. जवळ आल्यावर बघते तर देवला.

"आरं, ताप भरला का काय तुला? घोंगडी काहून घेतली?"

"नवस हाय," तो धापा टाकत म्हणाला. ओठ पांढरे पडलेले, चिरलेले.

"कोन्ती देवी लेकराला उन्हात घोंगडी घालून पळवती? थांब! देवल्या, थांब म्हनते ना!"

पण तो थांबला नाही, गोदामाकडं पळाला. पारुबाई तिथंच उभी राहिली. देवीवरचा तिचा विश्वास ढळला नाही, पोरावरचा मात्र ढळला. तिनं कापसासाठी बांधलेली ओटी सोडून बांधावर टाकली आणि त्याच्या मागं चालू लागली.

ती मैदानाच्या तोंडाशी पोचली तेव्हा गोदामातून आरडाओरडा ऐकू आला. आत धान्याची पोती मोजायचा मोठा टांगता काटा होता. एका पारड्यात लोखंडी मापं ठेवलेली. दुसरं पारडं वाकडं होऊन हलत होतं आणि त्याच्याखाली जमिनीवर देवला पडला होता. भोवती पोरांचा घोळका. शेषराव त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या तोंडावर पाणी मारत होता आणि "देवला, ए देवला, डोळे उघड बाबा" एवढंच म्हणत होता. त्याचा आवाज चिरकला होता.

पारुबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं पोरं नंतर सांगायची. तिनं पोराला शेषरावच्या मांडीवरून उचललं, ओढणीत गुंडाळलं आणि माणिकरावाच्या छकड्याकडं चालायला लागली. माणिकराव बिचारा कपाशीतून पळत येऊन बैल जुंपायला लागला. छकडा औंढ्याच्या दवाखान्याच्या वाटेला लागला, तसा शेषराव त्याच्यामागं पळत निघाला. कुणी त्याला वर बस म्हणालं नाही, आणि तोही बसला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी देवलाला सलाईन लावलं. त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून बघितली, जीभ बघितली आणि पारुबाईला विचारलं, "अंगात पाण्याचा थेंब नाही याच्या. किती दिवस झाले नीट जेवला नाही? कोणी उपाशी ठेवलं लेकराला?"

"देवीचा उपास हाय," पारुबाई म्हणाली. "त्यानं सोताहून धरलाय."

देवलानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"देवीचा न्हाई, मावशी," दारातून आवाज आला. शेषराव धुळीनं माखलेला, घामानं निथळत उभा होता. "देवीचा न्हाई. माझा उपास हाय तो."

पारुबाईला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग त्यानं सगळं सांगितलं. पस्तीस किलो, गट, घाम काढायची घोंगडी, कमी पाणी पिणं. "मी म्हनलो होतो पोरांना, घरी सांगू नका, उगं बोभाटा व्हतो. उपासाचं त्याचं त्यानंच काढलं."

बाहेरच्या व्हरांड्यात मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आलेली माणसं रस्त्यावर थांबून ऐकायला लागली. तिनं शेषरावच्या नोकरीपासून त्याच्या मंडळापर्यंत काही ठेवलं नाही. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला होता आणि एकेक शब्द ऐकत होता. मध्येच म्हणाला, "मारा मावशी, पायतान घेऊन मारा," तशी ती आणखी भडकली. "तुला मारून माझ्या लेकराच्या अंगात पानी येनार हाय का?"

शेवटी तिचा दम संपला. ती त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून पायरीवर बसली.

"मला कळंनाच," शेषराव हळू आवाजात बोलायला लागला. "रोज काट्यावर बसवायचो. बाकीची पोरं उतरली, ह्याचं वजन उतरायचंच न्हाई. मला वाटलं, चोरून खाऊन राहिलं पोरगं. म्हनून आनखी पळवला."

पारुबाईनं झटकन वर बघितलं.

"चोरून न्हाई खाल्लं त्यानं," ती म्हणाली. "मी पाजत होते. झोपेत. दूध आन् गूळ."

इकडून ती पाजत होती आणि तिकडून तो पळवत होता, आणि मधल्या मधी लेकरू दोघांचंही मन राखायला बघत होतं. मग पारुबाई ओढणीत तोंड घालून ढसाढसा रडली. कुणाला दाखवायला नाही. आपण आपल्याच लेकरासाठी येवढं केलं आणि त्यामुळंच त्याची तकलीफ वाढली, हे तिला सहन होईना.

"मलाबी असंच केलेलं," शेषराव म्हणाला. "खेळायचो तेव्हा. समदे असंच करतेत मावशी. मला वाटलं, खेळ म्हनल्यावर हे असतंच."

"मला काहून सांगितलं न्हाईस?"

"तुमी खेळू दिलं नसतं."

"न्हाईच दिलं असतं!"

"म्हनूनच न्हाई सांगितलं."

एवढं खरं बोलणं तिला अपेक्षित नव्हतं. तिनं डोळे पुसले. "हे बघ शेषराव. जी गोष्ट 'घरी सांगू नका' म्हनून करावी लागती ना, ती माझ्या लेकराला लावायची न्हाई. कुनाच्याच लेकराला लावायची न्हाई. बाकी तुझं तू बघ." आणि ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी देवलाला घरी आणलं, तोवर बातमी तांडाभर झाली होती. संध्याकाळी तांड्याचा आताचा नाईक, म्हणजे पुढारी, बाबूसिंग याच्या ओट्यावर माणसं जमली. बाबूसिंगानं विडी पेटवली आणि निकालच देऊन टाकला. "आपली पोरं काढून घ्यायची. त्या वाड्यातल्या पोराच्या हातात लेकरं दिली, तवाच मी बोललो होतो."

"वाडा काहून काढतोस मधी?" पारुबाई बायांमधून उठली. "वाडा न्हाई चुकला. तो चुकला. आन् त्याच्याबराबर मी चुकले, आता माझा तांडा काढनार हायेस का?"

"पारु, तू बस."

"न्हाई बसत! तो छकड्यामागं औंढ्यापस्तोर पळत आला. तू काल कुठं होतास रं नाईका?"

वसरामनं तिला कसंबसं घरी आणलं. बाबूसिंग काही ऐकणाऱ्यातला नव्हता. उद्यापासून एकही पोरगं मैदानावर जाणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं.

घरात देवला गोधडीवर पडून होता. पारुबाईनं त्याच्यासमोर भाकरी, वरण, वर तुपाची धार ठेवली. आता कुणाची चोरी नव्हती, वजनाचा प्रश्न नव्हता. पण तो खाईना.

"खा की रं. आता काय झालं?"

"माझ्यामुळं मंडळ मोडलं," तो छताकडं बघत म्हणाला. "शेषूदादा आता कुनालाच शिकवनार न्हाई. मी एक दिवस जरा तग धरला असता तर झालं असतं."

पारुबाई ताटापाशी बसून राहिली. लेकराला मैदानावरून ओढून घरी आणलं तरी ते उपाशीच राहणार होतं, हे तिला दिसलं. त्याला मैदानही पाहिजे होतं आणि भाकरीही पाहिजे होती. दोन्ही एका जागी का मिळू नये?

सकाळी ती थेट बौद्धवाड्यात गेली. केशरबाई अंगणात भांडी घासत होती. हिला बघून तिचे हात थांबले. भांडायलाच आली, असं तिला वाटलं असणार. "मारायचं तर त्याला मार बाई," ती म्हणाली, "दोन दिस झाले, त्यानं अन्नाला हात लावला न्हाई."

"हे बरंय," पारुबाई कडाडली. "ह्यानं त्याला उपाशी ठेवलं, आता हा उपाशी, तिकडं तो उपाशी. समद्यांनी मिळून देवीला काय लाज आनायची ठरवली का? कुठंय तो?"

शेषराव आत बसला होता. मैदानावरची मंडळाच्या नावाची फळी त्यानं काढून आणून भिंतीला उलटी टेकवून ठेवली होती.

"ती फळी नेऊन लाव," पारुबाई म्हणाली. "आजपासून मैदानावर दोन आया बसतील, पाळीपाळीनं. आज मी आन् तुझी माय. उद्या गावातली मिराबाई येती, मी तिला बोलते. लेकराला काय सांगायचं ते आमच्यादेखत सांगायचं. खेळायच्या आधी पानी, खेळल्यावर भाकरी. आन् त्या पोत्याच्या काट्यावर माझं लेकरू बसलेलं मला दिसलं, तर तुला उचलून बसवीन त्याच्यावर."

"मग लहान गट गेला, मावशी," शेषराव म्हणाला. त्यानं हे भांडायला नाही, नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं. "मोठ्या गटात आपली पोरं मार खातील."

"हारतील?"

"व्हय. बराबर हारतील."

"हारू दे," ती म्हणाली. "हारून घरी येतील. मला काय, घरी आले म्हंजे झालं."

बाबूसिंगाचं काय करायचं, हा प्रश्न बायांनीच सोडवला. पोरं आयांबरोबर मैदानावर जातात म्हटल्यावर नाईक कुणाला अडवणार? अडवायचं तर पारुबाईशी भांडायला पाहिजे होतं, आणि तेवढी हिंमत तांड्यावर कुणाची नव्हती. पहिल्या दिवशी तांड्यावरची मोजकीच पोरं आली, दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत बहुतेक परत आली. देवलाला डॉक्टरांनी खेळायची बंदी केली होती, म्हणून तो आयांच्या शेजारी बसून चुकणाऱ्या पोरांवर ओरडायचा. आवाज आईवरच गेला होता.

दसऱ्याला ती सगळी मंडळी एसटीनं हिंगोलीला गेली. दसऱ्याच्या मैदानावर ही गर्दी, भोंग्यातून गाणी, पाळणे, रेवड्यांच्या गाड्या. केशरबाई आणि पारुबाई भाकरी-चटणीची पाटी मधी ठेवून लिंबाखाली बसल्या. एकी मंडळाची पोरं मोठ्या गटात खेळली आणि शेषराव म्हणाला होता तशीच हरली, आणि चांगलीच हरली. समोरच्यांना तर मिशाच फुटायच्या राहिल्या होत्या. पण पोरं हसत बाहेर आली, गुडघ्यांवरची माती झाडत पाटीवर तुटून पडली, आणि कुणी कुणाला कसं उचलून आपटलं याच्या बढाया सुरू झाल्या. देवला तर हरल्याचं दुःख विसरून, "त्या लांबड्याचा पाय मी असा धरला असता" हे पुन्हा पुन्हा करून दाखवत होता.

तेव्हाच पारुबाईचं लक्ष गेलं. थोडं दूर, मंडपाच्या खांबाला धरून एक पोरगं उभं होतं. अंगात दुसऱ्याच कुठल्यातरी मंडळाची निळी बनियन. नजर भाकरीवर. जवळ येत नव्हतं, हलतही नव्हतं. ओठ पांढरे, चिरलेले.

"ये रं लेकरा," तिनं हाक मारली.

पोरगं आलं, पण हात पुढं करीना. "माझं वजन व्हायचंय," ते म्हणालं. "संध्याकाळी. लहान गट."

पारुबाईचा हात पाटीवरच थांबला. "कवापासून उपाशी हायेस?"

त्यानं खांदे उडवले.

"तुझ्या मायला माहीत हाय?"

पोरानं मान खाली घातली. मग त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब धुळीत पडला. पारुबाई उठली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि मंडपात वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या, शिट्टी गळ्यात घातलेल्या, भरघोस मिशांच्या माणसाकडं बघितलं. चार लोक त्याच्याशी अदबीनं बोलत होते.

"त्यो का तुझा गुरू? चल, दाखवते त्याला."

"मावशी." शेषराव मधे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "तुमी बसा ह्याच्यापाशी. हे तुमचं काम न्हाई."

"मग कुनाचंय?"

"माझं हाय," तो म्हणाला आणि गेला.

तो चालत गेला तेव्हा पारुबाईला त्याची पाठ दिसत होती. अंगावर पाटकऱ्याचा खाकी सदरा, पाठीवर घामाचा डाग. त्या माणसापुढं जाऊन त्यानं हात जोडले. पहिलं बोलणं ऐकू आलं नाही. मिशीवाला हसला, मग वैतागला, मग त्याचा आवाज चढला. "तू कोण रे मला शिकवणारा? तुला काय कळतं खेळातलं? कुठून आला?" भोवतीची माणसं वळून बघायला लागली. शेषराव मागं हटला नाही.

"मला कळतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एवढा मोठा होऊ शकतो हे पारुबाईला तोवर माहीत नव्हतं. "मीबी एक लेकरू असंच पाडलं, आठ दिवस न्हाई झाले. दवाखान्यात त्याच्या मायसमोर उभा राहिलो. तुमच्यावर ती पाळी येऊ नये, म्हनून सांगून राहिलो."

मिशीवाला काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. त्यानं आपल्या पोरांकडं बघितलं. कडेला ओळीनं बसलेली सगळी निळ्या बनियनची पोरं त्याच्याकडंच बघत होती, आणि त्यांतलं एकही हसत नव्हतं.

लिंबाखाली निळ्या बनियनचं ते पोरगं खाली बसलं होतं. ते अजून भाकरीला हात लावत नव्हतं, नुसतं आपल्या गुरूकडं टक लावून बसलं होतं. देवला त्याच्याजवळ सरकला, एक भाकरी घेतली, अर्धी मोडून त्याच्या हातात ठेवली आणि त्याच्या कानाशी म्हणाला, "खा. कुनी रागावलं तर माझी याडी हाय."

पोरानं पहिला घास घेतला. पारुबाईनं तोंड दुसरीकडं फिरवलं आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.